कॅन्सरचं इंजेक्शन डोळ्यात कसं काय? आणि हे ज्युडा फोकमन कोण, कोणी सांगेल का?

मोगरा_नाशिक:
नमस्कार मंडळी. माझ्या मावशीला बरीच वर्षं शुगर आहे, आता रेटिनाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याला, सूज आलीय म्हणून डॉक्टरांनी डोळ्यात बेव्हासिझुमॅबचं इंजेक्शन सांगितलंय. तिच्या मुलाने मोबाईलवर नाव टाकून बघितलं तर पहिलंच आलं की हे आतड्याच्या कॅन्सरचं औषध, झालं, मावशी धरूनच बसली की मला कॅन्सर आहे आणि तुम्ही सगळे लपवताय. डॉक्टरांनी समजावलं, आता ती तयार आहे, पण एकच औषध आतड्याच्या कॅन्सरला पण आणि शुगरच्या डोळ्याला पण कसं, हे मलाच नीट कळलेलं नाही. शोधता शोधता बोस्टनच्या ज्युडा फोकमन नावाच्या सर्जनपर्यंत पोचले. एका ठिकाणी लिहिलंय की त्यांना आधी कोणी विचारलंच नाही, दुसऱ्या ठिकाणी लिहिलंय की १९९८ मध्ये कॅन्सर दोन वर्षांत बरा होणार म्हणून पेपरात आलं होतं. मग ते बरोबर निघाले की चूक? मराठीत यावर काहीच धड सापडत नाही म्हणून इथे विचारतेय. मी कॉमर्सची आहे, जरा सोपं करून सांगा.

नेत्रपल्लवी:
मोगराताई, मी रेटिनाच्या पेशंट्सना इंजेक्शनआधी समजावून सांगायचं काम करते, मावशींसारखी भीती अगदी नेहमी बघते त्यामुळे डोळ्यापुरतं मी सांगते. आपल्या शरीरात व्हीईजीएफ नावाचं एक प्रोटीन असतं, ज्या जागी ऑक्सिजन कमी पडतो तिथल्या पेशी ते सोडतात आणि त्याच्यामुळे नवीन रक्तवाहिन्या फुटतात. शुगरमुळे रेटिनाच्या बारीक वाहिन्या खराब झाल्या की रेटिना उपाशी पडतो आणि हे प्रोटीन वाढतं. त्याचा दुसरा गुण म्हणजे ते वाहिन्या गळक्या करतं, मावशींची सूज म्हणजे तेच झिरपलेलं पाणी. कॅन्सरची गाठसुद्धा हेच प्रोटीन सोडून स्वतःसाठी रक्त खेचून घेते. औषध या प्रोटीनला पकडतं, म्हणून दोन्हीकडे चालतं. ते "कॅन्सर मारायचं" औषध नाहीच मुळी, केमोसारखं पेशी जाळत नाही, हे मावशींना नक्की सांगा.

डोससुद्धा सांगा त्यांना. आतड्याच्या कॅन्सरला वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी शिरेतून देतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम. डोळ्यात साधारण १.२५ मिलिग्रॅम, एका थेंबाएवढं. डोळ्यासाठी हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, कोणी मावशींवर प्रयोग करत नाहीये.

कृष्णाकाठ:
व्वा, फोकमनबद्दल कोणीतरी विचारलं! मी बायोलॉजीचं शिकवतो आणि या माणसाबद्दल दर वर्षी पोरांना सांगतो, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

वडील ज्यू धर्मगुरू, जन्म १९३३, क्लीव्हलँडचा. हार्वर्डला डॉक्टर झाले, सर्जरीचं शिकत असताना नेव्हीत जावं लागलं, तिथे बेथेस्डाच्या लॅबमध्ये काम होतं रक्ताला पर्याय शोधायचं. सशाची थायरॉइड ग्रंथी काचेच्या भांड्यात त्या पर्यायी द्रवावर जिवंत ठेवायची आणि ती नीट जगतेय का हे बघायला त्यात उंदराच्या कॅन्सरच्या पेशी सोडायच्या. फ्रेडरिक बेकर आणि फोकमन दोघं होते यात. पेशी वाढल्या, पण एक-दोन मिलिमीटरची गाठ झाली की तिथेच थांबायच्या. मेल्या म्हणाल तर नाही, कारण त्याच गाठी परत उंदरात घातल्या की भराभर मोठ्या व्हायच्या. फरक एकच होता, उंदरात गाठीपर्यंत नवीन रक्तवाहिन्या यायच्या, भांड्यात येत नव्हत्या. दुसरा कोणी वहीत एक ओळ लिहून पुढे गेला असता, यांनी उरलेलं सगळं आयुष्य त्याच्यामागे घातलं.

१९६७ मध्ये, वय अवघं ३४, बोस्टनच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलचे मुख्य सर्जन झाले. १९७१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मांडलं की गाठ स्वतः काहीतरी सोडून वाहिन्या बोलावते, तेव्हा ते "काहीतरी" अडवलं तर गाठ मोठीच होणार नाही. लोकांनी मानलं नाही. म्हणाले गाठीभोवतीची लाली म्हणजे नुसती सूज, मरणाऱ्या पेशींमुळे आलेली. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की फोकमन सर्जन होते. पॅथॉलॉजीवाल्याच्या टेबलावर गाठ येते ती पांढरी पडलेली, रक्त निघून गेलेली. सर्जनच्या हाताखाली ती गरम असते, रक्ताळलेली असते, हात लावला की भळाभळा रक्त येतं. त्यांनी जे रोज ऑपरेशन थिएटरमध्ये बघितलं होतं ते टीका करणाऱ्यांनी बघितलंच नव्हतं.

आणि नुसतं म्हणून चालणार नव्हतं, दाखवायचं कसं? त्यासाठी रीतसर चाचण्याच नव्हत्या, त्या लॅबने बनवल्या. मोगराताई, इथे तुमच्या मावशीचा डोळा येतो बघा. सशाच्या डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, त्यात एकही रक्तवाहिनी नसते. तिथे गाठीचा कण ठेवला की बाजूने वाहिन्या सरसर त्याच्या दिशेने येताना उघड्या डोळ्यांनी दिसतात, सूज-बीज म्हणायला जागाच नाही. डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पाण्यात गाठ तरंगत ठेवली तर बारीक राहते, बाहुलीभोवतीच्या पडद्याला चिकटली की वाहिन्या मिळतात आणि फोफावते. कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावरही असंच करायचे. मग १९७९ च्या सुमारास केशवाहिन्यांच्या पेशी भांड्यात वाढवायला जमल्या, १९८४ मध्ये वाहिन्या वाढवणारं एक प्रोटीन त्यांच्या लॅबमध्ये शुद्ध झालं, म्हणजे १९७१ नंतर तब्बल तेरा वर्षांनी. मधे १९८१ ला त्यांनी मुख्य सर्जनपद सोडलं आणि लॅबमध्येच राहिले. केवढी मोठी गोष्ट सोडली हो त्यांनी.

व्हीईजीएफ मात्र फोकमननी शोधलेलं नाही, ते श्रेय दुसऱ्यांचं आहे. हॅरोल्ड ड्वोरॅकनी १९८३ मध्ये वाहिन्या गळक्या करणारा पदार्थ म्हणून ते पकडलं, १९८९ मध्ये जेनेंटेक या औषध कंपनीच्या नेपोलिओने फेरारांनी त्याचा जीन काढला, १९९३ मध्ये त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी देऊन उंदरांतल्या गाठींची वाढ रोखून दाखवली. तीच पुढे माणसाला चालेल अशी बनवली, ते तुमचं बेव्हासिझुमॅब, २६ फेब्रुवारी २००४ ला अमेरिकेत मंजूर.

सरळसोट:
कृष्णाकाठ सर, छान लिहिलंय, पण ताईंचा मुद्दा बाजूलाच राहिला. १९९८ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर फोकमनच्या लॅबमधल्या एंडोस्टॅटिन या औषधाची बातमी आली, त्यात डीएनएवाले शास्त्रज्ञ जेम्स वॉटसन यांच्या तोंडी दोन वर्षांत कॅन्सर बरा असं छापलं, औषध बनवणाऱ्या कंपनीचा शेअर एका दिवसात आभाळाला भिडला, आणि ज्यांच्या घरात पेशंट होते त्या लोकांनी हॉस्पिटलांना फोनवर फोन केले. हाती काय लागलं? एंडोस्टॅटिन माणसांत अमेरिकेच्या चाचण्यांत चाललं नाही. बेव्हासिझुमॅबने पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सरासरी आयुष्य १५.६ महिन्यांवरून २०.३ महिने झालं. ब्रेस्ट कॅन्सरसाठीची अमेरिकेतली मंजुरी तर २०११ मध्ये काढून घेतली. कॅन्सरच्या घरातून गेलेल्या माणसाला हे सगळं फार लागतं, म्हणून विचारतो, याला बरोबर निघाले म्हणायचं का?

कृष्णाकाठ:
सरळसोट, तुमचं दुःख कळतंय आणि आकडे अगदी बरोबर आहेत. पण त्या बातमीचं ओझं फोकमनवर टाकू नका. वॉटसननीही आपण तसं म्हटल्याचं नंतर नाकारलं, आणि फोकमननी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं की तुम्ही उंदीर असाल आणि तुम्हाला कॅन्सर असेल तर आम्ही तुमची चांगली काळजी घेऊ शकतो. माणसाबद्दल त्यांनी तसला शब्द दिला नव्हता.

उंदरांतलं काम मात्र खरं होतं आणि सुंदर होतं. सर्जन लोकांना माहीत होतं की कधीकधी मोठी गाठ काढली की लांबच्या बारीक गाठी एकदम वाढायला लागतात. फोकमनना वाटलं की मोठी गाठच काहीतरी सोडून त्यांना दाबून ठेवत असेल. मायकेल ओरायली नावाचा तरुण डॉक्टर लॅबमध्ये होता, त्याने उंदरांची लघवी लिटरच्या लिटर गोळा करून त्यातून वाहिन्यांची वाढ रोखणारं अँजिओस्टॅटिन वेगळं काढलं, १९९४ मध्ये, मग १९९७ मध्ये एंडोस्टॅटिन. दोन्ही आपल्याच शरीरातल्या प्रोटीनचे तुकडे!

आतड्याच्या पेशंटला औषध काही महिनेच का पुरतं, तर गाठ व्हीईजीएफचा रस्ता बंद झाला की दुसरे रस्ते काढते, धरणाचं पाणी जसं एक दार लावलं की दुसऱ्या फटीतून येतं. आयआयटी कानपूरहून गेलेले राकेश जैन, ते बोस्टनमध्येच आहेत, त्यांनी २००१ मध्ये वेगळंच मांडलं, की गाठीतल्या वाहिन्या मुळात वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, औषधाने त्या काही काळ जरा नीट होतात आणि केमो आतपर्यंत पोचते. हे औषध आतड्याच्या कॅन्सरला केमोबरोबर देतात, ते का चालतं याचं हे एक स्पष्टीकरण. आणि २०२० पासून लिव्हर कॅन्सरला इम्युनोथेरपीसोबत, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागवणाऱ्या औषधासोबत, देतात, तिथे चांगला फरक पडलाय.

सावली_परळ:
एक आपल्याकडची गोष्ट घालू का यात. फोकमनच्या लॅबने २००० मध्ये उंदरांवर दाखवलं की केमो एकदम मोठ्या डोसने देऊन मधे आराम देण्याऐवजी वाहिन्यांच्या पेशींवर नेम धरून थोडी थोडी पण सारखी दिली तर जास्त उपयोग होतो. याला मेट्रोनॉमिक केमो म्हणतात. आपल्या परळच्या टाटा हॉस्पिटलने तोंड-घशाच्या कॅन्सरसाठी तीच वाट धरली, आठवड्याला मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आणि रोज सेलेकॉक्सिब, दोन्ही जुन्या, स्वस्त गोळ्या. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाच्या सलाईनशी थेट तुलना केली, ४२२ पेशंट होते, २०२० मध्ये छापून आलं. गोळ्यांवरचे पेशंट सरासरी ७.५ महिने, सिस्प्लॅटिनवरचे ६.१ महिने. सरळसोट, म्हणाल की दीडच महिना. पण गंभीर साईड इफेक्ट कमी होते, आणि माणूस घरी बसून गोळ्या घेतो, गावाहून येऊन परळच्या फुटपाथवर राहावं लागत नाही. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर झालेली आपल्याकडची किती गरीब माणसं आहेत बघा, त्यांच्यासाठी हे फार मोठं आहे.

सरळसोट:
टाटाचं माहीत नव्हतं, वाचतो नीट. धन्यवाद.

मोगरा_नाशिक:
किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, कॉर्नियाचं तर मावशीला वाचूनच दाखवलं, तिने दोनदा वाचायला लावलं. फोकमनना हे डोळ्याचं औषध बघायला मिळालं का हो? आणि नेत्रपल्लवीताई, इंजेक्शननंतर घरी काय बघायचं? तिला बीपी पण आहे.

कृष्णाकाठ:
मिळालं. २००५ पासून डोळ्यात बेव्हासिझुमॅब द्यायला लागले होते आणि २००६ मध्ये खास डोळ्यासाठीचं रॅनिबिझुमॅब मंजूर झालं. फोकमन गेले १४ जानेवारी २००८ ला, एका कॉन्फरन्सला जाताना डेन्व्हरच्या विमानतळावर हार्ट अटॅक आला. ७४ वर्षांचे होते.

नेत्रपल्लवी:
इंजेक्शनच्या दिवशी थोडी चुरचुर, पांढऱ्या भागावर लाल डाग, डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगणं हे चालतं. पण पुढच्या काही दिवसांत दुखणं वाढत गेलं, डोळा लालभडक झाला किंवा दिसायचं कमी झालं तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, इन्फेक्शन क्वचित होतं पण झालं तर तास मोजावे लागतात. बीपीच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, आणि अलीकडे कधी लकवा किंवा हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगा. आणि एका इंजेक्शनने संपत नाही बहुतेक वेळा, सुरुवातीला महिन्या-महिन्याने काही घ्यावी लागतात, तेव्हा शुगर ताब्यात ठेवा आणि पुढची तारीख चुकवू नका.