सारंगखेड्याची यात्रा: वडिलांना कधी नेऊ, आणि घोडी घेताना काय बघू?

प्रश्न (शिंदखेडेकर):
नमस्कार मंडळी. राहायला नाशिकला, मूळ गाव शिंदखेडा तालुक्यात. वडील सत्तरीपुढे गेलेत, गुडघे धरतात, पण थंडी पडली की "औंदा सारंगखेड्याला जाऊ" सुरू होतं. लहानपणी ते आजोबांबरोबर बैलगाडीतून जायचे. नंदुरबार जिल्ह्यातल्या त्या यात्रेला यंदा नेणारच आहे. एकमुखी दत्ताचं दर्शन धक्काबुक्कीशिवाय कधी होईल? शिवाय धाकट्या भावाला यात्रेतल्या घोडेबाजारातून मळ्यावर एक घोडी आणायची आहे. आमच्या घरात घोडं कधी नव्हतं. जाणकारांनी सांगावं.

दोंडाईचाकर:
यात्रा दत्तजयंतीला सुरू होते, तेव्हा आधी तारीख बघा. २०२५ ला दत्तजयंती ४ डिसेंबरला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती २३ डिसेंबरला आहे. रेल्वेनं येणार असाल तर दोंडाईचाला उतरा, तिथून शहादा रस्त्यानं तापीचा पूल ओलांडला की सारंगखेडा.

तापीकाठचा:
आजोबांपासून आमच्या दारात घोडी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दत्तजयंतीच्या दिवशी वडिलांना अजिबात आणू नका. तीन-चार दिवस उलटले की भल्या सकाळी या. यात्रा लगेच उठत नाही, पुढेही बरेच दिवस चालते.

घोड्यांचा बाजार मात्र जयंतीच्या आधीपासूनच भरतो. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, गुजरातकडचे व्यापारी ट्रकमधून जनावरं उतरवतात. भावाला तेव्हाच पाठवा, पण पहिल्याच दिवशी व्यवहार नको. लांबचा प्रवास करून आलेलं जनावर दोन दिवस खुंट्याला राहू द्या. खातंय कसं, लीद कशी टाकतंय, ते बघा.

सकाळी खरारा व्हायच्या आत जायचं. रात्रभर थंडीत उभी राहिलेली घोडी सोडायला लावा आणि पहिली दहा पावलं नीट बघा. पायात खोट असेल तर तेव्हाच दिसते. दुपारपर्यंत फिरवून अंग गरम झालं की तीच घोडी सरळ चालते. मग चारही खूर स्वतः उचलून बघा. नव्या माणसाला खूर उचलू देणारी घोडी घरात लवकर रुळते. वयासाठी समोरचे दात बघा: दोन पक्के आले म्हणजे अडीच वर्षांच्या आसपास, चार म्हणजे साडेतीन, सहा झाले की साडेचार-पाच. पहिली घोडी सहा दातांच्या आतली घेऊ नका, शिकवायला घरात कुणी नाही तुमच्या.

मारवाडी आणि काठेवाडीचे कान आत वळून टोकाला भिडतात, पांढरीशुभ्र नुकरा नजर खेचते, गळ्यावर देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा, असेल तर विकणारा तो पुन्हा पुन्हा दाखवतो. या सगळ्यानं भाव चढतो. मळ्यासाठी मी त्याचे जादा पैसे देणार नाही. ढोलावर नाचायला शिकवलेली घोडीही नको, भावाला शांत, पावलाला पक्की घोडी लागेल.

पैसे देण्याआधी ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अहवाल मागा. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित जनावरावर उपचार नाहीत, ते मारावंच लागतं. अहवाल नसेल तर घोडी कितीही आवडो, पुढे चला. सौद्याची पावतीही तिथल्या तिथे करून घ्या.

यात्रेतच होणाऱ्या चेतक फेस्टिव्हलच्या दिवसांत शर्यती, नाच, देखण्या घोड्यांची स्पर्धा असते. वडिलांना ते दाखवा, खूश होतील. खरेदी त्या गर्दीत करू नका.

शहाद्याची लेक:
माझं माहेर इकडचं, म्हणून दर्शनाचं मी सांगते. नवस फेडणाऱ्यांची तुला होते, मुलाला किंवा मोठ्या माणसाला पारड्यात बसवून गूळ, साखर, पेढे तोलतात. आमच्या धाकट्याची गुळाची तुला केली तेव्हा तो पारड्यातच ढेप चाटत बसला होता. वडिलांना ते थांबून बघू द्या. मंदिरापर्यंत चालावं लागतं, तेव्हा घडीची खुर्ची सोबत ठेवा. संध्याकाळी तापीवरून बोचरा वारा येतो, कानटोपी विसरू नका. आणि जेवायला मांडे मिळाले तर खापरावरून उतरलेलाच मागा, थंड झाला की चिवट होतो.

शिंदखेडेकर:
खूप आभार. वडिलांना सगळं वाचून दाखवलं. दातांचं ऐकून म्हणाले, "बरोबर सांगतोय, माझे वडील बैलाचंही तोंड उघडल्याशिवाय भाव बोलत नव्हते." भाऊ १८ ला निघेल, आम्ही २७ ला. तापीकाठचे दादा, तुम्ही तेव्हा बाजारात असाल तर भावाला भेटाल का?

तापीकाठचा:
असेनच. निरोप करा, सकाळी सहाला पुलाजवळ भेटू.