तोरणमाळला शॉर्टफिल्म करायचीय, परवानगी कुणाची लागते?

रेंजवाला (जळगाव):
मासकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोबाईलला रेंज मिळावी म्हणून रोज टेकडी चढणाऱ्या पोरावर १२ मिनिटांची फिल्म करतोय. पाच जण, एक कॅमेरा, एक छोटा ड्रोन, जानेवारीत तीन दिवस. तोरणमाळचा यशवंत तलाव आणि सीताखाईकडचा एखादा पाडा डोक्यात आहे. सर म्हणतात, कॉलेजचं पत्र खिशात ठेवा, कुणी विचारत नाही. खरंच? एवढं लांब जाऊन परत फिरावं लागलं तर गाडीभाडं आमच्याच बोकांडी.

चोपड्याचा कॅमेरावाला:
ते पत्र माझ्याही खिशात होतं भाऊ.

मी अहिराणी गाणी शूट करतो, १२ वर्षं झाली. मावसभावाच्या डिप्लोमा फिल्मला कॅमेरा घेऊन गेलो होतो. अभयारण्याच्या नाक्यावर गार्डने पत्र वाचलं : ‘संबंधितांनी सहकार्य करावे.’ म्हणतो, ‘संबंधित म्हणजे कोण, मी का?’ तारीख नाही, जागा नाही, गाडीचा नंबर नाही. हिरोईन नऊवारी नेसून दुपारी एकपर्यंत गाडीत बसली. शेवटी जंगलाचा सीन केळीच्या बागेत घेतला. फिल्ममध्ये वाघाच्या भीतीने पळणारी बाई केळीच्या घडांखालून वाकून पळते. अजून हसतात लोक.

तर आधी जमीन कुणाची ते बघ. चाळीसगावजवळच्या पाटण्याचं महेश्वर मंदिर पुरातत्त्व खात्याचं, मागची झाडं गौताळा औट्रमघाट अभयारण्याची. एका फ्रेममध्ये दोन खाती! यावल, अनेर डॅमसारखं अभयारण्य असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम २८ लागतं, अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांकडे. त्याला वेळ धर. तोरणमाळच्या जंगलात शूट करायचं तर अर्ज उपवनसंरक्षकांच्या नावाने, प्रत तिथल्या आरएफओंना, म्हणजे वनक्षेत्रपालांना. पोहोच घे, शिक्का घे. पत्रात पाचही जणांची नावं, तारखा, जागा, सामान, गाडी नंबर, ‘शैक्षणिक, विक्रीसाठी नाही’ आणि ‘आग पेटवणार नाही’ हे टाक. पोलीस ठाण्यालाही एक प्रत दे.

ड्रोन मात्र घरी ठेव. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला पायलटचा परवाना लागत नाही, हे मलाही ठाऊक आहे. नाक्यावर कुणी वजनकाटा घेऊन बसत नाही.

सातपुड्यातली मास्तरीण:
जंगलाचं झालं, पाड्याचं काय? तोरणमाळचा अक्राणी तालुका अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे पेसा, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. पण कायद्याच्या आधी पाड्याच्या कारभाऱ्याला भेटा. एकदा कॅमेऱ्याशिवाय या, बसा, चहा घ्या. पावरी बोलणारं कुणी सोबत असू द्या. पोराच्या आईवडिलांना गोष्ट सांगून मगच त्यांची सही घ्या. मागे काही जण ‘गरिबी दाखवायचीय’ म्हणत आले होते. बायांनी दारं लावून घेतली. होळीच्या आधीचे दिवस टाळा, माणसं भोंगऱ्या बाजारात असतात.

रेंजवाला:
पत्र उद्याच बदलून घेतो, ड्रोन रद्द. ताई, कारभाऱ्यांचा नंबर मिळेल?

सातपुड्यातली मास्तरीण:
अहो, फिल्म कशावर काढताय? मीसुद्धा हे धडगावला येऊन लिहितेय. बाजाराच्या दिवशी या, ते तेलाच्या दुकानापाशी भेटतील.

चोपड्याचा कॅमेरावाला:
आणि स्वेटर ने रे भो. जानेवारी आहे तो.