पासवर्डची तिजोरी परक्या सर्व्हरवर ठेवावी की नाही?

सह्यकडा

आमच्या घरात माझा अँड्रॉइड, बायकोचा आयफोन, एक विंडोज लॅपटॉप आणि मुलीचा टॅब आहे. पासवर्ड काही क्रोममध्ये, काही आयफोनमध्ये, उरलेले डायरीच्या मागच्या पानावर. आयकर पोर्टल, ईपीएफओ, आयआरसीटीसी, डीमॅट, वीजबिल अशी खाती वाढत जातात आणि शेवटी माणूस सगळीकडे एकच पासवर्ड लावून मोकळा होतो. मग एखाद्या शॉपिंग साइटवरून तो फुटला की तोच ईमेल आणि तोच पासवर्ड हजारो ठिकाणी लावून बघितला जातो. हे काम प्रोग्रॅम करतात, त्यामुळे 'माझ्या खात्यात कोणाला काय रस' या म्हणण्यात काही तथ्य नाही.

माझं मत असं, की घरासाठी सगळ्या उपकरणांवर चालणारा एकच स्वतंत्र पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड सांभाळणारं आणि भरून देणारं ॲप) घ्यावा आणि तो बिटवॉर्डन असावा. त्याचा कोड खुला आहे. फुकटच्या खात्यातही पासवर्डांच्या किंवा उपकरणांच्या संख्येवर मर्यादा नाही. तिजोरी, म्हणजे पासवर्डांचा सगळा साठा, आपल्याच फोनवर कुलूपबंद होऊन मगच त्यांच्या सर्व्हरवर जाते, म्हणजे ती उघडणारा एकमेव मास्टर पासवर्ड कंपनीलाही कळत नाही. फुकट म्हणून सुरू झालेली सोय पुढे आकसते हे लास्टपास या दुसऱ्या पासवर्ड मॅनेजरच्या बाबतीत मार्च २०२१ मध्ये दिसलंच: फुकट खातं एक तर फोनवर वापरा नाहीतर संगणकावर, दोन्हीकडे नाही. म्हणून सगळा माल उचलून दुसरीकडे नेता येणं ही माझी पहिली अट आहे आणि ती इथे पूर्ण होते. वेगळं मत असेल तर कारणांसकट मांडा.

किल्लेदार

असहमत. लास्टपासचं अर्धंच सांगितलंत. ऑगस्ट २०२२ मध्ये चोर त्यांच्या डेव्हलपमेंटच्या यंत्रणेत शिरले आणि डिसेंबरात कंपनीने कबूल केलं की ग्राहकांच्या तिजोऱ्यांचे बॅकअपच चोरीला गेलेत. त्या बॅकअपपर्यंतची वाट मिळाली ती एका वरिष्ठ इंजिनिअरच्या घरच्या संगणकातून. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे होते, पण साइटचे पत्ते उघडे होते. म्हणजे कोणाचं खातं कुठल्या बँकेत, कोणाचं क्रिप्टो एक्स्चेंजवर, हे चोराला बसल्या जागी वाचता आलं.

लाखो लोकांच्या तिजोऱ्या एका ठिकाणी असल्या की चोर तिथेच येणार. माझी तिजोरी म्हणजे कीपासची एक फाइल. हा प्रोग्रॅम २००३ पासून आहे आणि फुकट आहे. संगणकावर कीपासएक्ससी, अँड्रॉइडवर कीपासडीएक्स, आयफोनवर कीपासियम, तिन्हीकडे तीच फाइल उघडते. ती मी इंटरनेटवरच्या ड्राइव्हवर ठेवतो, पण उघडायला मास्टर पासवर्डासोबत एक की-फाइलही, म्हणजे किल्लीसारखी वेगळी छोटी फाइल, लागते आणि ती ड्राइव्हवर कधीच चढवलेली नाही, उपकरणांवर हाताने टाकली आहे. उद्या ड्राइव्ह फुटला तरी चोराच्या हाती निरुपयोगी फाइल लागेल. कुठलीही कंपनी बंद पडली तरी माझं काही अडत नाही.

सह्यकडा

किल्लेदार, त्या प्रकरणात जास्त धोका कोणाला होता तेही बघायला हवं. मास्टर पासवर्डापासून किल्ली बनवताना तो एका गणिती प्रक्रियेतून ठरावीक वेळा दळला जातो, म्हणजे चोराला प्रत्येक अंदाजासाठी तेवढीच मेहनत पडते. लास्टपासच्या जुन्या खात्यांत हा आकडा ५००० होता, काहींत तर १ च राहिला होता. बिटवॉर्डनमध्ये नव्या खात्यांना २०२३ पासून ६ लाख आहे आणि साइटचे पत्तेही एन्क्रिप्ट होतात. क्लाउड म्हटलं की सगळे सारखे, असं नाही.

आणि तुमच्या फाइलचं काय होतं तेही सांगा. बायकोने तिच्या फोनवर गॅसच्या साइटचा पासवर्ड बदलला, त्याच वेळी मी लॅपटॉपवर विमा कंपनीचा बदलला. ड्राइव्हमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली तयार, एकीत गॅस नवा, दुसरीत विमा नवा. तुम्ही त्या जोडून घ्याल. माझ्या घरात कोणीही जुनी फाइल उघडेल, 'पासवर्ड चुकीचा' तीनदा बघेल आणि पुन्हा डायरी काढेल. शिवाय मूळ कीपासमध्येही २०२३ मध्ये दोष निघालाच होता, मेमरीतून मास्टर पासवर्ड जवळजवळ पूर्ण काढता येत होता.

किल्लेदार

तो दोष मूळ कीपासच्या २ मालिकेत होता, २.५४ मध्ये बुजवला. कीपासएक्ससी हा वेगळा प्रोग्रॅम आहे, त्याला तो लागू नव्हता. आणि त्यासाठी चोर आधीच तुमच्या संगणकात शिरलेला हवा. तिथवर कोणी पोचलं तर बिटवॉर्डनही वाचवणार नाही.

दोन फाइलींचा मुद्दा मान्य. एकाच माणसाने फाइल सांभाळावी, बाकीच्यांनी फक्त वाचावी, अशी शिस्त लागते. पण सोयीसाठी शिस्त सोडायची, हे मला पटत नाही.

अंगणवेल

तुम्ही दोघंही ज्यांना हे सगळं जमतं त्यांच्याबद्दल बोलताय. माझ्या सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत आणि सगळे व्यवहार स्वतः करतात. त्यांच्या फोनमध्ये गूगलचा पासवर्ड मॅनेजर आधीपासून आहे. नवं ॲप नाही, नवा मास्टर पासवर्ड नाही, बोट टेकवलं की काम होतं.

मागच्या पावसाळ्यात त्यांना 'आज रात्री वीज तोडली जाईल' असा मेसेज आला. लिंक उघडली तर पान हुबेहूब वीज कंपनीचं. त्यांनी रकान्यावर बोट ठेवलं, पण एरवी खाली त्यांचं नाव असलेली पट्टी येते ती आलीच नाही. त्यांनी मला हाक मारली, "अगं, हे आज मला ओळखत कसं नाही?" पत्ता बघितला, मधे एक अक्षर जास्त होतं. एवढा मोठा फायदा फोनमध्ये फुकट बसलेला आहे आणि आपण लोकांना आणखी एक ॲप घ्या म्हणून घाबरवतो. ॲपलनेही सप्टेंबर २०२४ पासून आयओएस १८ मध्ये पासवर्ड्स नावाचं वेगळं ॲप दिलंय. ज्यांच्या घरी सगळंच ॲपलचं आहे त्यांनी तेच वापरावं आणि वेळ वाचवावा.

तांबडं_फुटलं

अंगणवेलताई, सासूबाईंचा प्रसंग वाचून बरं वाटलं, पण ती पट्टी बिटवॉर्डनमध्येही पत्ता जुळल्याशिवाय येत नाही. मी लोकांचे संगणक दुरुस्त करतो, त्यामुळे दुसरी बाजू रोज बघतो. क्रॅक केलेलं फोटोशॉप किंवा गेमचा चीट डाउनलोड केला की सोबत येणारा चोरटा प्रोग्रॅम सगळ्यात आधी ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (साइट आपल्याला ओळखते त्या खुणा) उचलतो. ज्या घरात शाळकरी मुलं तोच लॅपटॉप वापरतात तिथे ब्राउझरात बँकेचा पासवर्ड ठेवू नका, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. वेगळ्या मॅनेजरची तिजोरी निदान वापर नसताना बंद असते, पाच मिनिटांत आपोआप कुलूप लागेल असं लावून घ्या.

आणि गूगल खातं काही कारणाने बंद झालं तर मेल, फोटो आणि पासवर्ड एका दमात जातात. कंपनीने विचार बदलला तरी तेच. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरमध्ये पासवर्ड ठेवणाऱ्यांना २०२५ मध्ये दोन-तीन महिन्यांत सगळं हलवावं लागलं, ऑगस्टपासून ते तिथे दिसेनासेच झाले.

जुनी_वही

मी बँकेतून निवृत्त झालो. वहीला सगळ्यांनी उगाच बाद केलंय. कपाटातली वही परदेशातला चोर वाचू शकत नाही. वर तुमच्यापैकी कोणीच माझ्या पिढीचा प्रश्न विचारलेला नाही: उद्या मी नसलो तर बायकोने काय करायचं? ओळखीतल्या एका घरात कर्त्या माणसाच्या मागे डीमॅट, विमा, मुदत ठेवी कुठे आहेत हेच कळेना, कारण सगळे कागद ईमेलवर आणि ईमेलचं कुलूप त्यांच्या डोक्यात. माझ्या मागे माझी वही तरी सापडेल.

सह्यकडा

काका, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. वही मी बाद करत नाही, पण तिच्यात सगळे पासवर्ड नकोत. वहीतून टाइप करायचं म्हटलं की माणूस लहान आणि सोपे पासवर्ड ठेवतो, आणि खोट्या साइटवर वही काही सावध करत नाही. मी मास्टर पासवर्ड आणि बिटवॉर्डनचा रिकव्हरी कोड कागदावर लिहून, पाकीट बंद करून मृत्युपत्राच्या फाइलमध्ये ठेवलाय. मास्टर पासवर्ड विसरलात तर कंपनी तो परत देऊ शकत नाही, त्यामुळे हा कागद आपल्या स्वतःसाठीही लागतो. वनपासवर्डवाले तर खातं उघडतानाच छापून ठेवायचा असा कागद देतात आणि त्यावर पासवर्ड लिहायला जागा सोडलेली असते. त्यांचं फुकट खातं नाही, पण तिजोरी उघडायला पासवर्डाबरोबर उपकरणावर तयार झालेली गुप्त किल्लीही लागते. लास्टपाससारखी चोरी झाली तरी कमकुवत पासवर्डवाला वाचेल. हा गुण बिटवॉर्डनमध्ये नाही, हे मी मान्य करतो.

शिवाय बिटवॉर्डनच्या पैसे भरून घेतलेल्या खात्यात आणीबाणीसाठी माणूस नेमता येतो. काकूंनी विनंती केली आणि तुम्ही ठरवलेल्या दिवसांत नकार दिला नाहीत, की त्यांना तिजोरी उघडते.

अंगणवेल

पण बँकेला यातलं काय चालतं? माझ्या एका बँकेच्या साइटवर पासवर्ड चिकटवता येत नाही, पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर दाबावं लागतं, आणि दर काही महिन्यांनी पासवर्ड बदला म्हणतात. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ मध्येच लिहून ठेवलंय की चिकटवू द्यावं आणि कारणाशिवाय पासवर्ड बदलायला लावू नये. अशा ठिकाणी वीस अक्षरांचा पासवर्ड माणूस कसा दाबणार?

तांबडं_फुटलं

तिथे चार-पाच साध्या शब्दांचा लांब पासवर्ड करा, टाइप करायला सोपा पडतो. अक्षरांवर मर्यादा असेल तर मात्र इलाज नाही. आणि सुरुवात बँकेपासून नको, ईमेलपासून करा. बँकेला निदान ओटीपी लागतो, पण बहुतेक खात्यांचं 'पासवर्ड विसरलात?' ईमेलवरच येतं. ज्याच्या हाती मेल, त्याच्या हाती बाकीचं सगळं.

किल्लेदार

सगळं हलवता येतं ही धागाकर्त्यांची पहिली अट होती, म्हणून हलवणाऱ्यांसाठी लिहितो. क्रोममधून बाहेर येणारी सीएसव्ही फाइल उघडी असते, कोणीही वाचू शकतो. नव्या ठिकाणी चढवली की डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधूनही उडवा. ती व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवून लॅपटॉपवर घेणारे लोक मी बघितलेत, तसं अजिबात करू नका. पासकी, म्हणजे पासवर्डाऐवजी उपकरणात साठवलेल्या डिजिटल किल्ल्या, त्या सीएसव्हीत येत नाहीत, म्हणून जुनं खातं बंद करण्याआधी त्या प्रत्येक साइटवर नव्याने बनवून घ्या. बिटवॉर्डनमधून निघताना जेसन फाइल घ्या, तिच्यात पासकी येतात. कीपासएक्ससीमध्येही २०२४ पासून पासकी ठेवता येतात. माझं मत अजून फाइलच्याच बाजूने आहे, पण जुनी_वही काकांसाठी मी स्वतःसुद्धा बिटवॉर्डनच बसवून देईन.