गाडी पूर्ण डेड, मीटर मात्र १२.५ व्होल्ट दाखवतोय. मदत हवी आहे

पेट्रोल हॅचबॅक, दहा वर्षं जुनी. चावी फिरवली की काहीच नाही. डॅशबोर्डवर एक दिवा नाही, हॉर्न नाही, सेंट्रल लॉक गप्प, स्टार्टरची टकटकसुद्धा नाही. शेजाऱ्यांच्या गाडीच्या बॅटरीवरून केबल लावून जंप देऊन पाहिला, तरी ढिम्म.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर साचली होती, ती गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने साफ करून क्लॅम्प घट्ट केले. फरक शून्य. बॅटरीवर १२.५ व्होल्ट आहेत. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून लाल टोक बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सच्या मेन नटवर लावलं, तर तिथेही १२.५. पण हेडलाइटचं बटण दाबलं की तोच आकडा एकदम १ च्या खाली! बॅटरीवर मात्र तेव्हाही १२.५ कायम.

म्हणजे अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची गाडीच्या बॉडीशी जोडणी) ठीक असावं आणि दोष पॉझिटिव्ह टर्मिनल ते फ्यूज बॉक्स यांच्यामध्येच, असा माझा अंदाज. क्लॅम्पवरच्या मोठ्या फ्यूजला बारीक चीर गेली असेल, की केबल टोकाच्या धातूच्या कडीत (लगमध्ये) आतून गंजली असेल? नेमकं कसं तपासू? आणि तेवढाच तुकडा सुटा मिळतो का? मेकॅनिक न मोजताच ‘बॅटरी बदला, नाहीतर ईसीएम (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) गेलंय’ म्हणतोय, ते काही पटत नाही.