मिलान ते झुरिक: थेट जाऊ नका
तुम्ही दोघं मिलानहून एका दमात झुरिक गाठणार म्हणताय, पण मधे कोमो सरोवराकाठी वारेन्नाला दोन रात्री काढाच. मिलानो चेंत्राले या मुख्य स्टेशनहून तिरानोची गाडी पकडा, वारेन्ना साधारण तासाभरावर आहे. जागा डाव्या खिडकीची घ्या. लेक्को सोडलं की पाणी रुळांच्या कडेलाच येतं. आम्ही नवरा-बायको धक्क्यावर दिवे लागेपर्यंत नुसते पलीकडच्या बेलाजिओ गावाच्या बोटी बघत बसलो होतो. सामान मात्र बेतानं न्या, गावात पायऱ्याच पायऱ्या!

पुढे त्याच मार्गानं स्विस सीमेवरचं तिरानो आणि तिथून लाल बर्निना, म्हणजे आल्प्स ओलांडणारी डोंगरी रेल्वे. ब्रुसिओला गाडी गोल वळसा घेत स्वतःच्याच पुलाखालून जाते, मग चढासाठी लावतात तशा दात्यांच्या रुळाशिवाय २२५३ मीटरपर्यंत चढते. ती सेंट मॉरिट्झला पोचवते, तिथून कूरमार्गे झुरिक.