तेओतिवाकानची भुयारं: नंतर आलेल्यांचा आसरा की देवस्थान?

कातळवेडा: मेक्सिकोतल्या तेओतिवाकान या प्राचीन शहरात सूर्य पिरॅमिडच्या मागची भुयारं मुळात खाणी आहेत. शहर बांधणाऱ्यांनी तिथून तेझोन्तले, म्हणजे हलका सच्छिद्र ज्वालामुखी दगड काढला. सहाव्या शतकात शहराचा गाभा जळाला आणि पुढे कोयोत्लातेल्को पद्धतीची भांडी वापरणारे लोक या पोकळ्यांत शिरले. पुरातत्त्वज्ञ लिंडा मान्सानिया यांच्या उत्खननात तिथे धान्याच्या कणग्यांचे गोल तळ मिळाले. माझ्या मते हा निव्वळ आसरा होता. आयतं छप्पर, दिवसरात्र जवळपास सारखं तापमान. तिथे देव शोधायची गरज नाही.

थरमोजणी: साफ असहमत. त्याच भुयारांत दफनं आहेत, अर्भकांचीही. ती का सोडलीत? मेसोअमेरिकेत, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जुन्या संस्कृतींत, गुहा हे पूर्वजांचं उगमस्थान. मका आणि मृत एकाच जमिनीखाली ठेवणाऱ्यांना आपली 'घर की देऊळ' ही वाटणी लावू नका.

कातळवेडा: घराच्या जमिनीखाली माणसं पुरणं तिथे नेहमीचंच होतं, त्यामुळे दफनाने देवस्थान ठरत नाही. जमिनीची माती तपासा. मीटर-मीटरचे चौकोन आखा, प्रत्येकातून चमचाभर माती घ्या. चुलीपाशी राखेने सामू (pH) चढतो, चुन्यात मका शिजवला तिथे कार्बोनेट वाढतं, खरकटं सांडलं तिथे फॉस्फेट.

थरमोजणी: फॉस्फेट कुजलेल्या देहानेही वाढतं! त्यात छताचा भुगा सतत गळतो, उंदीर-घुशी थर कालवतात, नंतरचा खड्डा जुनी जमीन कापतो. म्हणून जमीन, खड्डा आणि भर यांना वेगवेगळे क्रमांक द्यायचे, माती पाण्यात तरंगवून बिया काढायच्या आणि वय काढायच्या कार्बन-14 चाचणीसाठी मक्याचा दाणाच पाठवायचा. पडक्या वाड्यांच्या तुळया कुणी सरपणाला वापरल्या असतील, तर कोळशाची तारीख खऱ्या वापरापेक्षा जुनी येते.

भुयारी: दोघांनीही पिरॅमिडखालचं भुयार यात ओढू नये. 1971 मध्ये सापडलेलं ते सुमारे 100 मीटरचं भुयार चार पाकळ्यांच्या दालनाशी संपतं आणि ते जुन्या काळीच आडव्या भिंती घालून बंद केलेलं होतं. तिथे कुणी संसार मांडला नाही. आपल्या काळात तिथे म्युऑन, म्हणजे आकाशातून येणारे आणि दगडातूनही आरपार जाणारे सूक्ष्म कण, मोजायचं यंत्र बसवलं ते पिरॅमिडच्या पोटात आणखी पोकळी आहे का, हे बघायला. खाणींचा निकाल मात्र दालनागणिक लावा. कणगीचा तळ दफनाच्या खड्ड्याने कापला असेल तर साठवण आधीची, आणि तळ खड्ड्यावर शाबूत असेल तर उलट. हा क्रम न सांगता दोघंही एकाच दालनाचे दोन काळ एकत्र मोजताय.

थरमोजणी: क्रमाचं मान्य. पण कापाकापी नसेल, दोन्ही एकाच जमिनीवरून खोदलेली असतील, तर मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.