मदत हवी आहे : सहावीचे अपूर्णांक, ४८ मुलं आणि ३५ मिनिटांचा तास

नमस्कार मंडळी. मी हडपसरला मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. यंदा ठरवलं, रीत आधी फळ्यावर लिहायची नाही. गणित द्यायचं, मुलांनी आपापली वाट शोधायची आणि एकमेकांना पटवायची.

१/२ + १/३ दिलं. निम्म्या वर्गाने २/५ लिहिलं, वरचे वर, खालचे खाली. मी चूक म्हटलं नाही. एक मुलगी संध्याकाळी आईसोबत भाजीच्या गाडीवर असते. ती म्हणाली, "बाई, अर्ध्यात अजून घातलं तर अर्ध्यापेक्षा कमी कसं होईल?" वर्ग गप्प! मग कागदाच्या पट्टीचे सहा सारखे भाग पाडून ५/६ त्यांनीच काढलं. (छेद समान करा, हे दरवर्षी घसा कोरडा करून सांगते. एवढं कधी पोचलं नव्हतं.)

पण या एका गणितात दोन तास गेले. मागच्या बाकांवरची सात-आठ मुलं नुसती शेजारच्याचं उतरवतात. पालक विचारतात, वह्या कोऱ्या का? घटक चाचणी तोंडावर आली आहे.

एवढ्या मोठ्या वर्गात गप्प मुलांना बोलतं कसं करता? रीत शेवटी तुम्ही सांगता का, आणि नेमकी केव्हा? पाव, पाऊण, सव्वा, दीड यांपासून कुणी सुरुवात केली आहे का? माझ्या वर्गात 'पाऊण' ऐकूनच बरीच मुलं गोंधळतात.

"गट पाडा" एवढंच नको, ते प्रशिक्षणात ऐकलंय. प्रत्यक्ष केलेलं सांगा.